सभासद पाहिजेत, टिकासासह

गावात सेवा मंडळ काढायला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात. सात मिळतात, चहा असला तर सत्तर मिळतात. त्यातले पावसाचं पाणी अडवायचे चर खोदायला किती येतील हे कायद्यात लिहिलेलं नाही, आणि सचिव म्हणून माझं दुखणं तिथूनच सुरू होतं.

क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी १९९८ साली स्वयंसेवकाच्या सहा प्रेरणा मांडल्या: मूल्यं, शिकण्याची हौस, चारचौघांचा संग, नोकरीधंद्याचा फायदा, मनाची टोचणी घालवणं आणि स्वतःची किंमत वाढल्यासारखं वाटणं. सहाही आमच्या पानठेल्यावर सकाळीच भेटतात. ज्याला जे पाहिजे ते मिळालं तर माणूस समाधानी राहतो, हे त्यांचं म्हणणं मात्र सोन्यासारखं आहे. फक्त तोंडावर विचारू नये. विचारलं की सगळे "समाजासाठी जी!" म्हणतात.

मूल्यवाले काकाजी ओळखू येतात. लहानपणापासून गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना म्हणणारा हा माणूस पहाटे साडेपाचला घरचं फावडं घेऊन हजर. त्यांना उपाध्यक्ष करू नये. बैठकांना बसवलं की खोदणारा एक माणूस कमी होतो.

भावी जिल्हा परिषद सदस्याचं उलट. त्याच्या हाती टिकास फोटोपुरतं द्यावं आणि टँकर, ट्रॅक्टर, नाश्ता त्याच्या अंगावर टाकावा. पन्नास खोदणाऱ्यांना पाच किलो पोहे धरावेत, तर्री वेगळी. पोह्यांचं श्रेय माईकवरून, पूर्ण नावानिशी द्यावं. नाही दिलं तर महिन्याभरात गावात दुसरं मंडळ निघतं आणि त्याच्या सातांत चार आपले असतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोट्ट्यांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. त्यांच्या वहीवर सही काम संपल्यावर करावी. आधी केली की टिकास जागेवर आणि पोट्टे पानठेल्यावर.

प्रत्येक गावात सगळ्यांच्या चुका काढणारा एक भाऊ असतो. त्याला हाकलू नये, पातळीची नळी द्यावी, म्हणजे दोन जागा एका उंचीवर आहेत का हे दाखवणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. सलग समतल चर, म्हणजे उतारावर आडवा, एकाच पातळीत खोदलेला लांब चर, ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. माती उताराच्या अंगाला, चरापासून फूटभर सोडून टाकायची, नाहीतर पहिल्याच पावसात परत आत. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी खोटी दिसते, चराचं एक टोक खाली जातं, सगळं पाणी तिकडे धावतं आणि बांध फुटतो. बुडबुडा शोधायला असा माणूस लागतो ज्याला लग्नाच्या पंगतीतही खडा सापडतो.

वेळेचं काय सांगावं! हरभरा-गहू निघाल्यापासून मृगापर्यंत माणूस रिकामा, पण आठ वाजले की ऊन टिकास धरू देत नाही. त्यात लग्नसराई. "येतो ना जी, साळ्याचं लगन आटोपू द्या फक्त," हे उत्तर एप्रिलपासून जूनपर्यंत चालतं. साळे संपत नाहीत.

खोदायचं नसेल तर रक्तदान ठेवावं, पण एकादशीला नाही. ज्यांना खरंच द्यायचं असतं तेच नेमके उपाशी. एकाला भोवळ आली की पूर्ण रांगेला शेतावरची कामं आठवतात. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघालं की परत पाठवतात, आणि परत पाठवलेला भाऊ "माझं रक्त पसंत नाही आलं" म्हणून मंडळावरच रुसतो. त्याला लगेच नाव नोंदणीच्या टेबलावर बसवावं. बिस्किटं वाटायला नको, उरत नाहीत.

राहिली पदाधिकाऱ्यांची अदलाबदल. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे माणसं बदलल्याची लेखी खबर, ९० दिवसांत द्यावा लागतो. त्याला जुन्यांचा राजीनामा किंवा ना-हरकत जोडावी लागते, आणि जुने तर रुसूनच गेलेले. म्हणून त्यांचा सत्कार लगेच ठेवावा. शाल आधी की सही आधी, यावर आमच्या कार्यकारिणीत दोन मतं आहेत. माझं मत: नारळ सहीनंतर.