तलतप्रेमी दिसण्याचे सोपे उपाय

गायक तलत महमूदचे चाहते म्हणून चारचौघांत मिरवायचं असेल, तर आधी ‘मखमली’ हा शब्द जिभेवर रुळवून घ्या. दुसरा शब्द शोधायच्या भानगडीत पडू नका, आजवर कुणी पडलेलं नाही. मग कंपाकडे वळा. आवाजातला तो बारीक कंप तलतला स्वतःचं वैगुण्य वाटायचा, तो लपवायला बघायचा, आणि संगीतकार अनिल विश्वासांनी तोच कंप हवा म्हणून हट्ट धरला, हा किस्सा डोळे मिटून सांगायचा. डोळे मिटणं महत्त्वाचं आहे. उघडे राहिले तर समोर पडद्यावर तलत दिसण्याचा धोका असतो.

धोकाच म्हणायचा. कारण हा माणूस 1945 मध्ये कलकत्त्याच्या ‘राजलक्ष्मी’त पडद्यावर आला आणि 1958 पर्यंत डझनभराहून जास्त चित्रपटांत दिसत राहिला. तेही कोपऱ्यात तंबोरा घेऊन बसलेला गवई म्हणून नव्हे. ‘दिल-ए-नादान’मध्ये दिग्दर्शक कारदारांनी त्याला नायक केलं, ‘वारिस’मध्ये समोर सुरैया, ‘डाक बाबू’त नादिरा, ‘एक गाँव की कहानी’त माला सिन्हा. नायिकांची ही यादी वाचून एखाद्या पूर्णवेळ नटाच्याही पोटात दुखावं. ती पाठ करू नका. तुम्हाला संगीतकार, गीतकार आणि साल एवढंच यायला हवं. रेकॉर्डची मागची बाजू सांगता आली तर उत्तम. चित्रपट पाहिलाय का, असं खऱ्या रसिकाला कुणी विचारत नाही.

आमच्या एका काकांनी ही साधना फार वर पोचवली आहे. तलतची झाडून सगळी गाणी त्यांच्याकडे आहेत, आधी कॅसेटमध्ये होती, आता पेन ड्राइव्हमध्ये. एका रविवारी पुतण्याने टीव्हीवर यूट्यूब लावून ‘दिल-ए-नादान’मधलं ‘ज़िंदगी देने वाले सुन’ काढलं. काका चहाची बशी हातात धरून ऐकत होते. पडद्यावर एक देखणा, सडपातळ, जरा बुजल्यासारखा गृहस्थ गात होता. गाणं संपलं. काका म्हणाले, “नट कोण आहे कोण जाणे, पण तलतचा आवाज काय चपखल बसलाय त्याला!”

यावर हसू नका, शिका. तलतचा आवाज कुणाला शोभतो हे आपलं केव्हाच ठरलेलं आहे. ‘शाम-ए-ग़म की क़सम’ म्हटलं की दिलीपकुमार, ‘जाएँ तो जाएँ कहाँ’ म्हटलं की देव आनंद, आणि ‘जलते हैं जिसके लिए’ला टेलिफोन कानाशी धरलेला सुनील दत्त. या आवाजाच्या इतक्या चेहऱ्यांमध्ये त्याच्या मूळ मालकाला उभं राहायला जागा कुठून द्यायची?

तरी एखादा आगाऊ माणूस अभिनयाचा विषय काढतोच. अशा वेळी ‘ठोकळा होता हो’ एवढं म्हणून मोकळं व्हायचं. त्यासाठी चित्रपट बघायची अजिबात गरज नाही. मी चूक केली, बघितला. ‘सोने की चिड़िया’. शाहिद लतीफ दिग्दर्शक, कथा इस्मत चुगताईंची. घरच्यांनी पैशाचं झाड करून टाकलेली अभिनेत्री नूतन, आणि तिच्यावर प्रेम करता करता तिच्या कमाईचा हिशेब न विसरणारा पत्रकार म्हणजे आपला मखमली तलत. ठोकळा? आहे थोडा, कबूल. हात कुठे ठेवावेत हे त्याला बऱ्याचदा कळत नाही. पण इथे तो संकोचच कामाला येतो. इतका सभ्य, इतका मऊ बोलणारा माणूस आत आकडे मोजतोय याचा नूतनला पत्ता लागत नाही आणि आपल्यालाही उशिरा लागतो. ‘प्यार पर बस तो नहीं है’ मी आयुष्यभर निरागस प्रेमगीत म्हणून ऐकत होतो. गाणाऱ्याचा हिशेब कळल्यावर ते पहिल्यासारखं ऐकू येईना. बघितलंत, चित्रपट पाहिल्याने असं नुकसान होतं.

बाकी त्याच वर्षी, 1958 मध्ये, ‘मालिक’ आणि ‘लालारुख़’ही आले, आणि नायकगिरी तिथेच थांबली. तुम्ही त्यात शिरू नका. मराठी अभिमान दाखवायचा असेल तर ‘पुत्र व्हावा ऐसा’मधलं ‘यश हे अमृत झाले’ गुणगुणा. टाळी हमखास.

आता शेवटची परीक्षा. ‘तलतच्या गाण्यांची सुरेल संध्याकाळ’, तिसरी रांग, मध्यंतरात बटाटेवडा. मी अशाच एका संध्याकाळी बसलो होतो. निवेदिकेने ‘मखमली’ सातव्यांदा उच्चारलं, गायकाने कंप काढण्यासाठी हनुवटी हलवायला घेतली, आणि ‘वारिस’मधलं ‘राही मतवाले’ सुरू झालं. मागच्या मोठ्या पडद्यावर फोटो आला. दिलीपकुमारचा.

मध्यंतरात मी आयोजकांना गाठून सांगितलं की त्या चित्रपटात दिलीपकुमार नव्हता, तलत स्वतःच होता. त्यांनी वडा खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्या खांद्यावर ठेवले.

“अहो माहितीये,” ते म्हणाले. “आधी त्याचाच लावला होता. तालमीला सगळे विचारायला लागले, हा कोण?”