वकिलाच्या बुटाचा तळ

काल वकील कट्ट्यावर आला तो एक पाय फरफटत. आम्हाला वाटलं, मुरगळला असेल. त्यानं टेकून पाय वर केला, तर बुटाचा तळ पुढून सुटून जिभेसारखा लोंबत होता आणि बोट लावू तिथून भुगा पडत होता. (वकील म्हणजे खरा वकील नव्हे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हरकत घेतो, म्हणून हे नाव पडलं.)

"चार वेळा घातलाय. चार! बाकी सगळी वर्षं खोक्यात, कागदात गुंडाळून. जपून वापरायचा म्हणून ठेवला होता."

"तरीच," मास्तर म्हणाले.

मास्तर मात्र खरे मास्तर, रसायनशास्त्राचे. त्यांनी तो भुगा चिमटीत घेऊन चोळला. म्हणाले, हा तळ पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा. हलका, मऊ, चालायला छान. पण हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतो. दमट कपाटात, बंद खोक्यात तर हे काम अगदी निवांत चालतं. तू बूट वापर नाहीतर शोकेसमध्ये ठेव, त्याचं वय वाढतच असतं.

"म्हणजे बनवणाऱ्याला हे माहीत होतं?"

"असणारच."

"मग खोक्यावर लिहीत का नाहीत? औषधाच्या पाकिटावर तारीख असते, बुटावर का नसते?"

मास्तर गप्प बसले. माझ्या मते संध्याकाळचा सगळ्यात चोख मुद्दा हाच होता. पण तिथं थांबला तर तो वकील कसला! लगेच गाडी कटकारस्थानावर. १९२४ साली जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एकत्र आल्या, ओस्राम, फिलिप्स वगैरे, आणि फीबस नावाची टोळी बनवून ठरवलं की बल्ब हजार तासच चालला पाहिजे. आधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब मिळायचे. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड! "टिकाऊ माल बनवला म्हणून दंड, मास्तर! आणि तुम्ही मला रेणू सांगताय!"

"दंड खराच. पण अर्धीच गोष्ट सांगतोस," मास्तर म्हणाले. तार जास्त तापवली की तेवढ्याच विजेत जास्त उजेड मिळतो, पण तार लवकर झिजते. कमी तापवली तर बल्ब वर्षानुवर्षं चालतो, नुसता तांबूस मिणमिणत, आणि वीज खातो ती वेगळीच. ब्रिटनमधल्या मक्तेदारी चौकशी आयोगानं १९५१ साली हे सगळं तपासलं आणि हजार तास ही तडजोड वाजवी ठरवली.

"कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतोय, त्याचं काय?"

"जळतोय ना. आता चारेक वॅटचा उजेड देतो. त्याच्याखाली बसून तुझा अर्ज लिहून दाखव."

मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. तार तापवण्यामागं शास्त्र होतं आणि दंड लावण्यामागं धंदा. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. पण कट्ट्यावर असं मधलं बोलणाऱ्याला कोणी विचारत नाही.

एवढा वेळ वायरमन काहीच बोलला नव्हता. त्यानं खिशातून एक मेलेला एलईडी बल्ब काढला. (त्याच्या खिशात असं काहीतरी असतंच.) वरचं प्लास्टिकचं टोपण पिळून काढलं. आत गोल पत्र्यावर उजेड देणारे पिवळे चौकोनी ठिपके, डझनभर. त्यातल्या एकाच्या मधोमध मोहरीएवढा काळा डाग.

"हा एक गेलाय. बाकी सगळे ठणठणीत आहेत. पण सगळे एका माळेत जोडलेले, त्यामुळं एक मेला की सगळा बल्ब अंधारात. खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेले असतात. रोज आठ तास धरले तर साडेआठ वर्षं. पण ठिपके थोडे लावायचे आणि प्रत्येकाकडून जास्त काम घ्यायचं, म्हणजे तापणारच. शेजारी तो कपॅसिटर, वीज साठवून धरणारा. त्याचं गणित असं की उष्णता दहा अंशांनी वाढली की आयुष्य साधारण निम्मं. आणि त्याला बसवलाय कुठं? बंद डबीत, भट्टीच्या तोंडाशी."

"म्हणजे मुद्दामच!" वकील.

"मुद्दाम मारत नाहीत रे. जगवायला खर्च करत नाहीत."

यावर वकील चक्क दोन मिनिटं शांत बसला.

मग मी माझ्या वॉशिंग मशीनचं रडगाणं लावलं. ड्रम जोरात फिरायला लागला की घरात गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. दुरुस्तीवाल्यानं कान लावला आणि बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं. सील झिजलं, पाणी आत गेलं, गंज चढला. मी म्हटलं, बदला. तर म्हणाला, बदलता येत नाही. ड्रमभोवतालच्या टबचे दोन्ही अर्धे कारखान्यातच वितळवून चिकटवलेले असतात, मध्ये एक स्क्रू नाही. घ्यायचा तर अख्खा टब, आणि त्यापेक्षा नवं मशीन घ्या. मुठीत मावेल एवढ्या भागापायी माणसाच्या कमरेएवढं धूड भंगारात. ते न्यायला दोन माणसं लागली. मोटर चालू स्थितीत होती, हे माझ्या अजून डोक्यात बसलंय.

"स्वस्तातलं घेतलं असशील," मास्तर म्हणाले.

घेतलं होतं. पण दुकानात मला काय दिसतं? रंग, किंमत आणि पंधरा प्रोग्रॅमची बटणं. टब स्क्रूचा आहे की चिकटवलेला, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं? महागड्या मशीनवरही नसतं. चांगला माल ओळखताच येत नसेल तर गिऱ्हाईक किंमत बघूनच घेणार. आणि किंमतच बघतात म्हटल्यावर, चार स्क्रू जास्त घालणारा कारखानदार वेडाच ठरणार.

"आमच्या वेळचं तसं नव्हतं हो," मास्तरांनी उसासा टाकला. "पंखा अजून फिरतोय घरात."

इथं वायरमननं त्यांनाच धरलं. "मास्तर, जो फिरतोय तो तुम्हाला दिसतो. त्याच्याबरोबर घेतलेलं बाकी सगळं माझ्यासारख्यानं कधीच तांब्याच्या भावानं विकून टाकलं. आणि जुनं सगळं टिकाऊ होतं म्हणून चालतंय असं नाही. ते उघडत होतं. पंख्याला चार स्क्रू, आत दांडा फिरतो ते बुश, झिजलं की नवं. आता काही मिक्सरमध्ये प्लास्टिकचं गिअर असतं, लोक शिव्या घालतात. अहो, ते काही यंत्रांत मुद्दाम कच्चं ठेवतात, अडकलं तर दाते तुटावेत पण मोटर जळू नये म्हणून. फ्यूजच तो. मला राग त्या गिअरचा नाही. तुटल्यावर ते सुटं मिळत नाही, त्याचा आहे."

वकिलाला पुन्हा कायदा आठवला. फ्रान्सनं २०१५ साली वस्तूचं आयुष्य मुद्दाम कमी करणं गुन्हा ठरवलं, दोन वर्षं कैद आणि तीन लाख युरो दंड. "पण 'मुद्दाम' कोर्टात दाखवणार कसं?" मास्तरांनी विचारलं. यावर वकील स्वतःच हसला. त्यापेक्षा युरोपातला मोबाइलचा नियम मला कामाचा वाटतो: २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनचे महत्त्वाचे सुटे भाग, तो फोन विकणं बंद झाल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत. कोणाच्या मनात काय होतं हे शोधायचंच नाही. भाग आहे की नाही, तेवढं बघायचं.

अंधार पडला. वायरमननं काळ्या ठिपक्याची दोन टोकं घरी जाऊन एकमेकांना झाळून बघतो म्हणून बल्ब खिशात टाकला (आम्हाला बजावलं की तुम्ही हात लावू नका, त्या पत्र्यावर थेट लाइन असते), आणि वकिलाचा बूट मांडीवर घेऊन त्याला काळी टेप गुंडाळायला लागला. तीन वेढे दिले. दाबलं. हात काढला, तर टोक हळूच उलगडून वर आलं.

"जुनी झाली असेल," मी म्हटलं.

"आजच फोडलीय," वायरमन म्हणाला.