आधी जीव, हे मान्यच. पण विचारायचं कधी?

तुम्ही लिहिलंय की कॅन्सर झाल्याचं ऐकून हादरलेल्या माणसापुढे पुढे कधी मूल व्हावं म्हणून उपचाराआधी वीर्य किंवा स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याचा विषय काढणं क्रूरपणाचं आहे, त्यात उपचाराचे मोलाचे दिवस जातात, आणि मूल नसलं म्हणून कुणाचं आयुष्य अडत नाही.

शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य. पण मूल नको हे ठरवायलाही आधी कळायला हवं ना, की काय पणाला लागलंय? सायक्लोफॉस्फामाइडसारख्या केमोच्या औषधांनी अंडाशयातला स्त्रीबीजांचा साठा घटतो, आणि तो पुन्हा भरत नाही. पहिल्या केमोआधी हा विषय निघाला नाही, तर नंतर काढून फारसं काही हाती लागत नाही.

उशिराचं म्हणाल, तर वीर्य गोठवायला एक-दोन दिवस पुरतात. स्त्रियांना पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे. आता कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करून साधारण दोन आठवड्यांत स्त्रीबीजं काढून गोठवता येतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक फार चढू नये म्हणून सोबत ते कमी करणारं लेट्रोझोल हे औषध देतात. ऑपरेशन आणि केमो यांच्या मधल्या काळात हे बऱ्याचदा उरकतं. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, मात्र इतकं थांबता येत नाही. तिथे तुमची काळजी अगदी रास्त आहे. अंडाशयाचा तुकडा गोठवून पुढे परत बसवायचा मार्ग आहे, त्यातून २००४ साली पहिलं बाळ जन्मलंही. पण ल्युकेमियात त्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी दडलेल्या असण्याची भीती असते.

आता क्रूरपणाबद्दल. कॅन्सर झालेला सतरा वर्षांचा मुलगा, दोन्ही बाजूंना आईवडील. बोलणं सगळं त्यांच्याशी चाललेलं. मग त्याच्या हातात वीर्यासाठी डबी देऊन कुणीतरी म्हणतं, ‘नमुना आणून दे.’ तो मान खाली घालून ‘नको’ पुटपुटतो आणि विषय मिटतो. हे मला क्रूर वाटतं. आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवा, त्याच्याशी सरळ बोला. हे कशासाठी, आज का, हे सांगा. नमुना देणं जमलंच नाही तर वृषणातून शुक्राणू काढता येतात, हेही सांगा.

आणि गोठवलं म्हणजे मूल होईलच अशी हमी नसते, हेसुद्धा तेव्हाच सांगायला हवं. सगळं ऐकून कुणी नको म्हणालं, तर पुन्हा आग्रह करू नये.