कोंबडा कुणाचा?

रेकॉर्डर घेईपर्यंत माझा प्रामाणिक समज होता की आमचं घर शांत आहे. चौथा मजला, रस्ता मागच्या बाजूला, खालचे काका रिटायर्ड आणि वरचे सगळे अमेरिकेत, अजून काय पाहिजे माणसाला.

झालं असं, की एका रविवारी मी 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या वेबसाइटवर, जात्यावरच्या ओव्या ऐकत बसलो होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी गावोगाव फिरून १ लाखाच्या वर ओव्या जमवल्यात, आणि ऐकता ऐकता डोक्यात आलं की अरे, आपली भोरकडची चुलत आज्जी राहिलीच की! वय ऐंशीच्या पुढं, जातं अजून ओसरीवर, आणि गळा असा की मला लाज वाटावी. मागे एकदा मोबाइलवर केलं होतं तिचं रेकॉर्डिंग, पण मोबाइलला स्वतःची अक्कल फार. जात्याची घरघर म्हणजे कचरा समजून तो दाबून टाकतो, आणि आज्जी घास घालायला थांबली की शेजारचा टीव्ही मोठा करून देतो. म्हणून खास रेकॉर्डर. वर दोन माइक, एकमेकांवर तिरके, जशी देवळात जाताना बोटं क्रॉस केलेली असतात नापास मुलाची तशी. दुकानदार म्हणाला सात दिवसांत पसंत नाही पडला तर परत घेऊ, फक्त खोका फाडू नका. (खोका मी रिक्षातच फाडला.)

यूट्यूबवर हे लोक रेकॉर्डर तपासतात ते कुठल्यातरी बर्फाळ जंगलात जाऊन. बुटाखाली बर्फ चुरचुरतो, लांब एक पक्षी बोलतो, आणि तो माणूस कुजबुजत सांगतो की नॉइज फार कमी आहे बरं का. आमच्याकडे जंगल नसल्यामुळे मी रात्री दोन वाजता हॉलमध्ये बसलो. फॅन बंद. मग कळलं फ्रिज आहे. फ्रिज बंद. मग कळलं ट्यूबलाइट गुणगुणते. ती पण बंद. मग अंधारात हेडफोन लावून बसल्यावर कुठूनतरी गुर्रर्र असा आवाज, म्हटलं पंप असेल सोसायटीचा, दहा मिनिटं शोधला, तर ते माझं पोट होतं. सकाळी आई उठली आणि बघते तर फ्रिज बंद, दूध नासलेलं. "एवढ्या पैशात नवा मिक्सर आला असता," एवढंच म्हणाली, पण जुना मिक्सर त्यानंतर पूर्ण दहा मिनिटं चालवला. रेकॉर्डरचा आवाजाचा मीटर थेट लाल. आवाजाची शिखरं -१२ डेसिबलच्या आसपास ठेवायची असतात, आणि शून्य म्हणजे मशीनची कमाल मर्यादा, त्याच्या वर गेलं की लाट छाटली जाते ती कायमची, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पाया पडा. आता आवाजाची नोंद ३२ बिट फ्लोट पद्धतीने करणारे रेकॉर्डर येतात, त्यांत लेव्हल लावायचीच भानगड नाही म्हणे, पण माझं बजेट २४ बिटचंच होतं.

खरी परीक्षा पुढे. या स्वस्त मशीनांच्या पोटात माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारी जी सर्किट असते, तिचा स्वतःचा एक आवाज असतो. मोठ्या आवाजात तो लपतो, पण शांत जागी गेन, म्हणजे माइकचा आवाज किती मोठा करायचा ते, वर चढवला की सुस्स्स सुरू. मी रात्रीची ती 'शांतता' दुपारी स्पीकरवर मोठ्याने लावली, तर आई धावत गॅलरीत गेली आणि वाळत घातलेले कपडे पटापटा काढून घेऊन आली. बाहेर कडक ऊन. पावसाचा इतका अस्सल नमुना मला पुढे पावसातही मिळाला नाही.

सहाव्या दिवशी एसटीने गाव गाठलं. वाऱ्यासाठी माइकवर घालायचं एक केसाळ टोपरं मिळतं, त्याला या धंद्यात चक्क मेलेलं मांजर म्हणतात, तसंच दिसतं ते. आज्जीने बघितलं आणि म्हणाली, "ह्ये काय, उंदीर धरून आणलास व्हय?" कुत्र्याचंही तेच मत पडलं. अर्धा तास त्याच्या तोंडातून ते सोडवण्यात गेला, आता त्याला एका बाजूला टक्कल आहे.

पहाटे पाचला दळण सुरू. मी आधी लो-कट लावला, म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं, वाऱ्याची घुमघुम जाते त्याने. पण जात्याची घरघर पण तिथंच राहते ना! दगडी जातं एकदम पाटीवर पेन्सिल घासल्यासारखं ऐकू यायला लागलं. लो-कट काढला. मग जात्याची घरघर आली, सोबत दुधाच्या डेअरीवर जाणारी मोटरसायकल आली, देवळातला काकडा आला, आणि कुणाचातरी कोंबडा, जो बरोबर ओवीच्या शेवटच्या अक्षरावर ओरडायचा. म्हटलं असू दे, हेच तर वातावरण. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला तासाला साधारण १ जीबी लागतं, कार्ड ३२चं, म्हणजे कोंबड्याला पण भरपूर जागा.

आज्जी म्हणत गेली. भाऊराया झाला, माहेर झालं, विठ्ठल झाला, मी डोळे मिटून हेडफोनमध्ये. मध्ये ती चहाला थांबली तेव्हा पॉज केलं, पुन्हा बसली तेव्हा पुन्हा बटण दाबलं.

आता त्या बटणाचं. एकदा दाबलं की लाल दिवा लुकलुकतो, म्हणजे मशीन नुसतं तयारीत. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर, तेव्हा रेकॉर्डिंग. परत दाबलं की परत तयारीत. आणि तयारीत असताना हेडफोनमध्ये सगळं झकास ऐकू येतं, मीटरही नाचतात, फक्त सेकंदाचे आकडे जागचे हलत नाहीत. मी पहाटेच्या अंधारात एकदाच दाबलं होतं. पुढचं सगळं उलटं पडत गेलं. दीड तास ओव्या झाल्या, आणि फाइल निघाली अकरा मिनिटांची, त्यात चहा, बशीत ओतल्याचा आवाज, दुधाच्या भावावरून भांडण, मी "आज्जी, दमली असशील" म्हणतोय ते, आणि कोंबडा. एक ओवी नाही.

सांगायचं कसं या विचारात मी हेडफोन तिच्या कानाला लावले. पदर सावरून, डोळे बारीक करून ऐकत राहिली. मग एकदम माझा हात धरला.

"आरं, ह्यो आपला कोंबडा न्हवं."

"मग?"

"खालच्या आळीतला हाय. आपला आसा शेवटाला वढत न्हाय." आणि थोडं थांबून, "लांबचं बी ऐकतंय की रं तुजं डबडं. परत लाव."

मी म्हटलं आज्जी, ओव्या नाही आल्या यात, परत म्हणावं लागेल. तिने हातानेच गप्प केलं मला.

"कोंबडा लाव म्हनते न्हवं का!"