घोडा तुमच्या काळजाचे ठोके ऐकत नाही

‘घोड्याकडून शिकण्यासारखं’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या नातेवाइकांपासून सोसायटीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. वर उगवत्या सूर्यासमोर पांढराशुभ्र घोडा, खाली चार दावे. एक, घोडा चार फुटांवरून माणसाच्या हृदयाचे ठोके ऐकतो आणि आपले ठोके त्यांच्याशी जुळवून घेतो. दोन, कळपाला एकच नायक असतो. माणूस नायक झाला की घोडा मुकाट त्याच्यामागे येतो, म्हणून ऑफिसातही तसंच वागावं. तीन, घोडा जन्मभर बसत नाही, उभ्यानेच झोपतो, तेव्हा माणसानेही थांबू नये. चार, घोडा आयुष्यात एकच धनी मानतो आणि त्याच्यासाठी प्राण देतो.

घोडा आणि माणूस यांचं नातं चार हजार वर्षांहून जुनं आहे आणि त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. या मजकुरात त्यातलं जवळजवळ काहीच नाही.

पहिला दावा सगळ्यांत जास्त आवडलेला दिसतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबू. घोड्याला साधारण 55 हर्ट्झपासून साडेतेहतीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. आपल्याला 20 पासून 20 हजारांपर्यंत. म्हणजे बारीक, चिरके आवाज तो आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकतो. पण खर्जात आपलाच कान सरस. आणि हृदयाची धडधड ही खर्जातलीच, शिवाय इतकी हलकी की डॉक्टरलाही छातीला नळी लावावी लागते. आता ठोके जुळवण्याचं. निवांत उभ्या असलेल्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण 28 ते 44 वेळा धडधडतं, माणसाचं 60 ते 100 वेळा. दोघांनी खरोखर जुळवायचं ठरवलं तर एकाला तरी दवाखान्यात न्यावं लागेल. याच मजकुराच्या एका आवृत्तीत हृदयाच्या चुंबकीय क्षेत्राचाही उल्लेख असतो. माणसाच्या हृदयाचं असं क्षेत्र असतं हे खरं, पण पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या काही लाख पट असतं. ते मोजायला बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खास खोली आणि अतिसंवेदनशील यंत्रं लागतात. तबेल्यात ते कुणाला ‘जाणवत’ नाही.

(आणि हे पाठवणारीच मंडळी लग्नसराईत वरातीचा घोडा डीजेच्या भिंतीला खेटून उभा करतात. ठोके ऐकणारा कान तेव्हा कुठे जातो?)

या दाव्याखाली जी खरी गोष्ट गाडली गेली, ती मात्र त्याहून रंजक आहे. 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसाने घोडा धरून, किंवा त्याच्यावर बसून, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, असं चार वेळा. चौथ्या खेपेआधी त्याला सांगितलं, की आता वाटेत अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण तो प्रसंग मनात धरून चाललेल्या माणसाच्या हृदयाची गती वाढली, आणि शेजारच्या घोड्याचीही. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग त्याला कळलं कसं? याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच बर्लिनमध्ये मिळालं होतं. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणित शिक्षकाचा हान्स हा घोडा खूर आपटून बेरीज-वजाबाकी करायचा. फसवाफसवी नव्हती, ओस्टेन फुकट प्रयोग दाखवायचा आणि तो नसतानाही घोडा उत्तरं द्यायचा. 1904 मध्ये चौकशी समिती बसली. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने नेटाने तपास केला आणि 1907 मध्ये निष्कर्ष छापला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स नापास. कारण प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत खुराकडे वाकतो, आणि टापांचा आकडा बरोबर आला की तितक्याच नकळत त्याचं डोकं केसभर वर येतं. हान्स तिथे थांबायचा. त्या घोड्याला गणित येत नव्हतं, पण माणसाची मान वाचता येत होती, तीही त्या माणसाला स्वतःला पत्ता नसताना.

घोड्याच्या दृष्टीने यात नवल काही नाही. तो शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं. नेमकं कपाळासमोर आणि शेपटीमागे मात्र आंधळं. पाठीवर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरते. अशा अंगावर घाबरलेला माणूस बसला की त्याच्या मांड्या आवळतात, श्वास अडकतो, हातातला लगाम आखूड होतो. तोंडाने ‘शाब्बास बेटा’ चाललेलं असतं. घोडा मांड्यांचं ऐकतो.

दुसरा दावा नायकाचा. मोकळ्या रानातले घोडे लहान कुटुंबांत राहतात: बहुधा एक नर, काही माद्या, त्यांची शिंगरं. पाण्याकडे पहिलं पाऊल दर वेळी एकच जनावर टाकतं असं नसतं, वेगवेगळी जनावरं कळपाला हलवतात. नर पुष्कळदा मागून हाकत असतो. पुढे छाती काढून चालणारा सेनापती आपण चित्रात घातला आहे. तो चित्रातच दिसतो.

तरीही गोल रिंगणातली ती प्रसिद्ध प्रात्यक्षिकं लोकांनी पाहिलेली असतात. घोडा सुटा, मधे माणूस. माणूस त्याला पळवतो, पळवतो, आणि शेवटी घोडा मान खाली घालून त्याच्याकडे येतो. टाळ्या. ‘त्याने याला नायक मानलं!’ सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी सोडली. घोडा हवं तसं वागला की गाडी थांबायची, नाही तर पाठलाग सुरू. घोडे शिकले. रिंगणात माणूस नसतानाही पाठलाग थांबेल असं वागायला शिकले. गाडीच्या अंगी नेतृत्वगुण होते असं म्हणायचं असेल तर म्हणा.

खरं शिक्षण कुठे होतं ते लगाम धरलेल्या बोटांत बघावं. घोड्याला थांबवायचंय म्हणून स्वार लगामावर हलका ताण देतो. घोडा जबडा सैल सोडतो, एक पाऊल अडखळतो. त्याच क्षणी बोटं उघडली पाहिजेत. ताणाने तो शिकत नाही, ताण सुटल्याने शिकतो: मी हे केलं आणि त्रास थांबला. नवखा स्वार इथेच चुकतो. घोडा थांबलेला असतो आणि याचं ओढणं चालूच. मग घोड्याच्या दृष्टीने थांबण्यात काही अर्थ उरत नाही, महिन्याभरात तो ‘तोंडाचा कडक’ होतो, आणि मालक त्याच्या तोंडात घालायला लगामाची आणखी कडक कडी विकत आणतो. ऑफिसातल्या साहेबांना घोड्याकडून काही घ्यायचंच असेल तर हे घ्यावं. काम झालं की ओढणं थांबवा. पण ‘नायक व्हा’ हे वाक्य फॉरवर्ड करायला जास्त बरं दिसतं.

तिसऱ्याला दोन मिनिटं पुरतात. घोडा उभ्याने डुलकी घेतो, कारण मागच्या पायातली गुडघ्याची वाटी हाडाच्या उंचवट्यावर अडकवून तो स्नायूंना फारसं न शिणवता उभा राहू शकतो. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. दिवसाकाठी अर्धा-एक तास पुरतो, पण तो लागतोच. जागा अपुरी असेल, आजूबाजूला भीती असेल, सांधे दुखत असतील तर तो आडवा होत नाही. आणि असं बरेच दिवस चाललं की उभ्या उभ्या झोपेत गुडघ्यांत कोसळतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर जखमा दिसल्या की जाणकार आधी विचारतात, हा रात्री आडवा होतो का? कळपात बाकीचे आडवे असताना एखादा उभा राहून पहारा देतो. तेव्हा ‘कधीच थांबू नका’ हा धडा घोड्याच्या नावावर खपवणं म्हणजे शुद्ध थाप.

उरला चौथा, आणि इथे लोक रागावतात, कारण इथे चेतक येतो. हल्दीघाटीची लढाई 18 जून 1576 ची. जखमी घोड्याने महाराणा प्रतापांना रणातून बाहेर काढलं आणि मग तो पडला, ही कथा राजस्थानात पिढ्यानपिढ्या गायली गेली. जेम्स टॉडच्या 1829 सालच्या ग्रंथाने ती बाहेरच्या जगात नेली. कथेचा मान मोडायचा नाही. पण घाबरलेला, जखमी घोडा संकटापासून लांब धावतो हा त्याचा स्वभाव, आणि कल्लोळात स्वाराच्या इशाऱ्यावर धावतो ही त्याची तालीम. ‘मी मरेन पण धन्याला वाचवीन’ हे वाक्य आपलं आहे.

घोडा माणूस ओळखतो, आवाज ओळखतो, कोण कसं वागलं हे बराच काळ लक्षात ठेवतो. यातलं पुष्कळ आता प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पण एकच धनी? मराठी फौजेची घडणच पाहा. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. घोडा सरकारचा, बारगीर आज हा तर उद्या तो. एकाच धन्याला मानणाऱ्या घोड्यांवर अशी पागा चार दिवस चालली नसती.

आणि निष्ठेचा हिशोब मांडायचाच तर दुसरी बाजूही मांडू. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. डोरोथी ब्रुक ही बाई 1930 मध्ये कैरोला आली तेव्हा त्यातले उरलेले म्हातारे, लंगडे, खंगलेले घोडे तिला दगडांच्या आणि मालाच्या गाड्या ओढताना सापडले. तिने इंग्लंडच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून पैसे जमवले, तीनेक वर्षांत पाच हजारांच्या आसपास घोडे विकत घेतले, आणि 1934 मध्ये तिथे जनावरांचा मोफत दवाखाना काढला. बहुतेक घोडे इतके गेलेले होते, की त्यांना शांतपणे मारणं हीच दया होती. कुणी कुणासाठी प्राण दिले हा प्रश्न त्या घोड्यांना विचारायला हवा होता.

आपल्याकडे या नात्याचा सगळ्यांत रोखठोक कागद चेतकाच्या कथेत शोधू नका, तो शिवाजी महाराजांच्या पत्रव्यवहारात आहे. महाराजांचा बखरकार सभासद सांगतो, की पागेत पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद असायचा. आणि चिपळूणजवळ छावणीला असलेल्या जुमलेदारांना, म्हणजे घोडदळाच्या अधिकाऱ्यांना, महाराजांचं जे पत्र गेलं, त्यात हिशोब आणखी बारीक आहे. दाणा आणि गवत आत्ताच मनमानी उडवलंत तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, अशी सरळ ताकीद. पुढे आगीची काळजी: कुणी आगट्या पेटवील, कुणी चूल भलत्या जागी मांडील, कुणी चिलमीला विस्तव नेईल, आणि रात्री दिवा जळता राहिला तर त्याची वात उंदीर ओढून नेईल, तेवढ्याने गवताच्या सगळ्या गंजी जातील.