"गाठ काढल्यावर रक्त जाणार का ते आधीच नक्की कळतं" या मेसेजला उत्तर

मोठ्या आतड्यातली गाठ किंवा पॉलिप दुर्बिणीतून काढणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: रक्तस्राव होणार का हे आता स्कोअर (गुण देऊन धोका मोजणारा तक्ता) आणि एआयनं आधीच नक्की सांगता येतं त्यामुळे रक्त गेलं तर ती डॉक्टरांची चूक, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असतील तर धोका नाही, रक्त पातळ करायच्या सगळ्या गोळ्या १५ दिवस आधी स्वतःच बंद करा, क्लिप (जखम बंद करणारा छोटा चिमटा) लावून घेतली की प्रश्न मिटला, आणि २४ तास गेले की तुम्ही सुटलात.

मी गोळ्यांपासून सुरू करते, कारण बाकीचे मुद्दे चुकीचे असले तरी हा थेट जिवावर बेतणारा आहे.

"सगळ्या गोळ्या १५ दिवस आधी बंद करा"

नाही. कृपा करून असं करू नका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि ॲपिक्सॅबानसारखी नवी औषधं यांचं काम वेगळं, शरीरात राहण्याचा काळ वेगळा, त्यामुळे नियमही वेगळे. युरोप आणि ब्रिटनच्या एंडोस्कोपी संघटनांच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवा असं आहे, मोठ्या ईएसडीसारख्या (दुर्बिणीतूनच अस्तराखाली कापत गाठ एकसंध सोलून काढणं) ठिकाणी डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्या प्रोसिजरआधी क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस, वॉरफरिन ५ दिवस थांबवतात, नव्या गोळ्यांचा शेवटचा डोस ३ दिवस आधी, किडनी कमजोर असेल तर काहींचा त्याहून आधी. आणि हेही सगळ्यांना लागू नाही, नुकताच स्टेंट बसलेला असेल किंवा हृदयाची कृत्रिम झडप असेल तर कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही गोळी हलवायची नसते. सरसकट १५ दिवस कुठून आले देव जाणे.

यामागचा हिशोब नीट समजून घ्या. आतड्यातून रक्त गेलं तर बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं, नाही थांबलं तर परत दुर्बीण घालून क्लिप किंवा करंट देऊन थांबवता येतं. पण गोळी बंद केल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली किंवा लकवा आला तर झालेलं नुकसान अनेकदा भरून येत नाही.

"स्कोअर आणि एआय आधीच नक्की सांगतात"

स्कोअर आहेत हे खरं, आणि ते उपयोगाचे आहेत हेही खरं. पण ते धोका किती ते सांगतात, तुमच्याबाबतीत काय होणार ते सांगत नाहीत. जपानचा बेस्ट-जे नावाचा स्कोअर घ्या, १० हजारांहून जास्त पेशंटच्या माहितीवर बनवलेला आणि तपासलेला. त्यात सगळ्यात जास्त धोक्याच्या गटातसुद्धा रक्तस्राव सुमारे ३०% लोकांना झाला, म्हणजे "व्हेरी हाय रिस्क" शिक्का बसलेल्या दहातल्या सात जणांना काहीच झालं नाही. आणि मुळात तो स्कोअर पोटातल्या म्हणजे जठरातल्या ईएसडीसाठी आहे, आतड्याला तो तसाच लावता येत नाही.

आतड्याचं गणित वेगळं आहे. मोठ्या आतड्यातल्या ईएसडीनंतर उशिरा होणारा रक्तस्राव बऱ्याच अभ्यासांत २-३% च्या आसपास दिसतो. समजा एक खूप चांगलं मॉडेल आहे, रक्त जाणाऱ्यांपैकी ८०% ओळखतं आणि न जाणाऱ्यांपैकीही ८०% बरोबर ओळखतं. १००० पेशंट घ्या, त्यात ३० जणांना रक्त जाणार. मॉडेल त्यातले २४ पकडेल, पण सोबत ज्यांना काहीच होणार नाही अशा १९४ जणांनाही धोक्यात टाकेल, म्हणजे धोका सांगितलेल्या २१८ मध्ये खरे २४ च, साधारण नवातला एक. आणि "तुम्ही सेफ" सांगितलेल्यांमधल्या ६ जणांना रक्त जाईलच. गोष्ट मुळात कमी घडणारी असेल तर असंच होतं, मग मॉडेलला एआय म्हणा नाहीतर कागदावरचा स्कोअर.

शिवाय पद्धत बदलली की धोक्याची जागाही बदलते. मोठं पॉलिप ईएमआरनं (खाली द्रव भरून उचलून तारेच्या फासानं कापणं) काढलं तर उजव्या बाजूच्या आतड्यात जास्त रक्तस्राव होतो, आणि ईएसडीत मात्र रेक्टममधल्या (आतड्याचा अगदी शेवटचा भाग) गाठी जास्त त्रास देतात. त्यामुळे कुणाचा तरी स्कोअर बघून आपलं भविष्य ठरवू नका, आणि केवळ रक्त गेलं म्हणून डॉक्टरांना निष्काळजीही ठरवू नका. धोका आधी समजावून सांगितला का, रक्त गेल्यावर तातडीनं बघितलं का, हे प्रश्न मात्र जरूर विचारा, तो तुमचा हक्कच आहे.

"रिपोर्ट नॉर्मल म्हणजे धोका नाही"

ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना प्लेटलेटचा आकडा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) दोन्ही नॉर्मल येऊ शकतात, कारण प्लेटलेट किती आहेत ते मोजलं जातं, त्या काम करतायत का ते नाही. नव्या गोळ्यांचा परिणामही आयएनआरमध्ये भरवशानं दिसत नाही. म्हणून गोळ्यांची पूर्ण यादी सांगणं रिपोर्टपेक्षा महत्त्वाचं, लोक नेमकं तेच विसरतात.

"क्लिप लावली की प्रश्न मिटला"

अर्धं खरं. २०१९ मध्ये आलेल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये २ सेंटीमीटर किंवा मोठी पॉलिप काढून जखम क्लिपनं बंद केल्यावर रक्तस्राव ७.१% वरून ३.५% वर आला. पण फायदा सगळा उजव्या बाजूला, तिथे ९.६% वरून ३.३%, आणि डाव्या बाजूला फायदा दिसलाच नाही. म्हणजे कमी झाला, शून्य झाला नाही. ईएसडीनंतरची मोठी जखम तर पूर्ण बंद करता येईलच असंही नसतं.

छोट्या पॉलिपमध्ये करंट न वापरता नुसत्या तारेच्या फासानं कापणं जास्त कामाचं ठरतं. तैवानमधल्या ४२७० जणांच्या ट्रायलमध्ये ४ ते १० मिलिमीटरच्या पॉलिपसाठी उशिरा होणारा रक्तस्राव करंटसह १.५% होता, करंटशिवाय ०.४%.

"२४ तास गेले की सुटलात"

करंटनं भाजलेल्या जागेवर खपली धरते आणि ती काही दिवसांनी सुटते, तेव्हा खालची रक्तवाहिनी उघडी पडू शकते. म्हणून रक्तस्राव आठवड्यानं, कधी दोन आठवड्यांनीही होतो, रक्त पातळ करायची गोळी परत सुरू केल्यावर तर खासच लक्ष ठेवावं लागतं. शौचाला एकदा थोडं लाल लागलं तर डॉक्टरांना फोन करून सांगा. पण पुन्हापुन्हा रक्त किंवा रक्ताच्या गुठळ्या पडत असतील, चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, घाम फुटत असेल तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा, सोबत डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी न्या, आणि कोणती गोळी शेवटची कधी घेतली ते तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.