वाण नाही, पण गुण लागले

गाडीच्या विम्याचे नूतनीकरण करायला गेलो असता खिडकीमागच्या बाईंनी "परवान्यावर काही गुण?" असे विचारले, आणि शाळेत गणितात जे कधी मागूनही मिळाले नाहीत, ते मला चारचौघांत मोठ्याने कबूल करावे लागले. ३ गुण, अतिवेगाचे; वाहतुकीचा नियम मोडला की परवान्यावर चढतात ते. माझ्यामागे भोंगा वाजवून मला वेग वाढवायला लावणारा इसम कॅमेऱ्याच्या अलीकडेच वळला. पुढे मी एकटाच उरलो. दंड त्याच आठवड्यात भरल्यामुळे प्रकरण मिटले, अशी माझी भाबडी समजूत होती.

"हप्ता वाढेल," बाई म्हणाल्या आणि आकडा काढू लागल्या.

जर्मनीत ८ गुण झाले की परवाना जातो आणि ब्रिटनमध्ये ३ वर्षांत १२ झाले की बहुधा जातो. इटलीत मात्र चालकाला आधी २० गुण देऊन मग चुकांगणिक काढून घेतात, जे मला अधिक सुसंस्कृत वाटते, कारण निदान आरंभी तरी माणूस गुणी ठरतो.

शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ इतका वेळ माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होते. "अहो, घरी सांगायचे ना," ते हळूच म्हणाले. "आमची ही गाडीला हातसुद्धा लावत नाही. परवाना कोरा करकरीत! नुसती जागा वाया चालली आहे."

ब्रिटनमध्ये ख्रिस ह्यून यांनी २००३ साली अतिवेगाचे गुण असेच बायकोच्या नावावर घातले, पुढे ते मंत्री झाले, संसार मोडल्यावर बायकोने वाचा फोडली आणि २०१३ साली दोघांनाही ८ महिन्यांची शिक्षा झाली, हे मी त्यांना सविस्तर सांगितले.

"पण त्या वेळी परवाना तर वाचला ना?"

"नाही. २००३ सालीच पुढे गाडी चालवताना फोन वापरला म्हणून तो गेलाच."

गृहस्थ बराच वेळ विचारात पडले. "चुकलेच त्यांचे," ते अखेर म्हणाले. "फोनचे गुणही बायकोलाच द्यायला हवे होते."

एवढ्यात आकडा आला. तो दंडाहून मोठा होता, आणि दंड निदान एकदाच भरायचा असतो. इतक्या वर्षांत मी एकदाही भरपाई मागितली नाही, याची सवलत आहे, असे बाईंनी सांगितले. परंतु ती वजा केल्यानंतरचाच हा आकडा होता. कंपनीचा गुणांना भाव देण्याचा तक्ता तिचा तिलाच ठाऊक असतो आणि दुसरी कंपनी त्याच ३ गुणांचा वेगळा भाव सांगते, म्हणजे माझ्या हातून घडलेला धोका नेमका केवढा होता, यावर मला शिक्षा करणाऱ्यांचेच एकमत नाही. हे मी बाईंना ऐकवले. त्यांनी सही कुठे करायची ते दाखवले.

मी सही करत असताना शेजारचे गृहस्थ खुर्ची थोडी जवळ सरकवून कानाशी आले. "तुमचे तीनच ना?" त्यांनी विचारले. "मग तुमच्या परवान्यावर अजून बरीच जागा असेल."